आईसाठी एकच रिमोट: टीव्ही, डिशचा बॉक्स आणि जुनं होम थिएटर (वडगाव, बेळगाव)

वडगावकर_पुण्यात | शुक्रवार, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. दोन महिने झाले, हा प्रश्न मला सुटलेला नाही. म्हणून सगळं तपशिलात लिहितो.

वडगावच्या घरी आई एकटी असते, वय ७६. गेल्या वर्षी अप्पा गेले. निवृत्तीनंतर त्यांनी हौसेनं पाच स्पीकर आणि सबवूफरचं होम थिएटर घेतलं होतं. कंपनीचं नव्हे, बेळगावातच जोडून घेतलेलं. संध्याकाळी दिवाबत्ती झाली की कीर्तन लावायचे. आई भाजी निवडत ऐकत बसायची. आता त्या होम थिएटरवर फडकं टाकलेलं आहे. आईला तीन रिमोटांचा क्रम लक्षात राहत नाही, आणि मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरही बटणांवरची बारीक अक्षरं दिसत नाहीत. टीव्हीच्या स्वतःच्या आवाजात कीर्तन नीट कळत नाही, म्हणून दहा मिनिटांत बंद करते.

मी खडेबाजारातून एक लर्निंग रिमोट आणला. तिन्ही रिमोट समोरासमोर धरून त्याला बटणं शिकवली. एका मोठ्या बटणावर मॅक्रो, म्हणजे एका दाबात एकामागून एक जाणारे आदेश, बसवला: टीव्ही चालू, होम थिएटर चालू, मग होम थिएटरचा सोर्स 'ऑक्स' (टीव्हीचा आवाज ज्या पिनांतून येतो तो). डिशचा बॉक्स आम्ही कायम चालूच ठेवतो.

मी घरी होतो ते चार दिवस सगळं सुरळीत. पुण्याला पोचलो आणि आईचा फोन आला, "टीव्ही लागला, आवाज येईना." दोन दिवस बरं चाललं. मग परत तेच. कधी कधी बटण दाबलं की आवाज येतो आणि टीव्ही काळाच राहतो.

आषाढी एकादशीच्या आत तिला एका बटणात कीर्तन लावता यावं एवढंच मला हवंय. नवीन साउंडबार घेऊन देऊ शकतो, पण तिला अप्पांचंच होम थिएटर ऐकायचंय.

टीव्ही सोनीचा आहे, सात-आठ वर्षांचा. होम थिएटरला एचडीएमआय नाही, मागे लाल-पांढऱ्या पिना आहेत.

हिंदवाडी_हौशी | शुक्रवार, रात्री १०:४०

आधी सेल बघा की ओ. रिचार्जेबल सेल १.२ व्होल्टचे असतात, साधे १.५ चे. स्वस्तातले काही रिमोट त्या कमी व्होल्टेजवर अर्धवट काम करतात. मोबाईलचा पुढचा कॅमेरा चालू करून रिमोटचं तोंड त्याच्याकडे धरा आणि बटण दाबा. बल्ब जांभळट पांढरा चमकताना दिसला पाहिजे. मागच्या कॅमेऱ्यात बहुतेक वेळा दिसत नाही, तिथं इन्फ्रारेड (रिमोटचा डोळ्यांना न दिसणारा प्रकाश) अडवणारी काच असते.

वडगावकर_पुण्यात | शुक्रवार, रात्री १०:५५

सेल नवे आहेत, साधेच. शेजारच्या मुलाकडून कॅमेऱ्यातही बघून घेतलं, बल्ब चांगला चमकतो.

जांबोटीचा_पाऊस | शनिवार, सकाळी ७:०५

दादा, एक विचारतो. ज्या दिवशी गडबड झाली त्या दिवशी लाईट गेली होती का? आईंना विचारून सांगा.

वडगावकर_पुण्यात | शनिवार, सकाळी ११:३०

आई भिंतीवरच्या कॅलेंडरवर दुधाचा हिशेब लिहिते. त्याच चौकोनात लाईट कधी गेली, कधी आली तेही लिहिते, कारण त्यावर तिचं पाणी भरण्याचं गणित असतं. फोनवरून तिनं महिना वाचून दाखवला. ५ तारीख, ९ तारीख, १४ तारीख. मी माझ्या फोनमधले तिचे कॉल काढले: ५, ९, १४. तंतोतंत जुळलं. कसं ओळखलंत?

जांबोटीचा_पाऊस | शनिवार, दुपारी १:२०

आमच्या खानापूर भागात पावसाळ्यात दिवसातून चार-चारदा लाईट जाते, त्यामुळे हे मी भोगलंय.

तुमच्या टीव्हीच्या आणि होम थिएटरच्या रिमोटवर चालू-बंदचं बटण एकच आहे. ते बटण 'चालू हो' असं सांगत नाही, 'आहेस त्याच्या उलट हो' असं सांगतं. दोन्ही यंत्रं बंद असतील तर मॅक्रो बरोबर चालतो. लाईट जाऊन आली की तुमचा टीव्ही स्टँडबायमध्ये राहतो, पण जोडलेलं होम थिएटर आपोआप चालू होत असणार. मग आई बटण दाबतात, टीव्ही चालू होतो आणि होम थिएटर बंद पडतं. आईंनी गोंधळून परत बटण दाबलं की टीव्ही बंद, होम थिएटर चालू. रिमोटला बिचाऱ्याला समोरचं काहीच दिसत नाही, तो फक्त बोलतो, ऐकत नाही.

म्हणजे आईंचं काही चुकत नाही आणि तुम्ही शिकवलेलंही चुकलेलं नाही. उलट-सुलट करणाऱ्या कोडवर मॅक्रो उभा केला की एक दिवस तो फसतोच.

शहापूरची_लेक | शनिवार, दुपारी २:००

हार्मनी रिमोट घेतला तर? त्यात कुठलं यंत्र चालू, कुठलं बंद हे लक्षात ठेवतात म्हणे.

जांबोटीचा_पाऊस | शनिवार, दुपारी २:१५

ताई, लॉजिटेकनं २०२१ च्या एप्रिलमध्येच हार्मनी बंद करत असल्याचं जाहीर केलं. आणि तो सुद्धा आठवणीवरच चालायचा. आपण मघाशी काय पाठवलं ते लक्षात ठेवायचा, लाईट गेलेली त्यालाही कळत नसे.

निपाणी_रिपेअर | शनिवार, रात्री ९:१०

माझं रिमोट-टीव्ही दुरुस्तीचंच काम आहे. जांबोटीवाल्या सरांचं बरोबर आहे, अजून एक भर घालतो. मॅक्रो पूर्ण जायला चार-पाच सेकंद लागतात. म्हातारी माणसं बटण दाबतात आणि लगेच हात खाली घेतात, रिमोट मांडीवर. टीव्हीचा कोड पोचतो, पुढचे दोन सोफ्याच्या गादीत जातात. माझ्याकडं अशी किती तरी गिऱ्हाइकं येतात, रिमोट चांगला असतो. त्यांना समोर दाबायला सांगून मी बटणाकडं नाही, हाताकडं बघतो.

म्हणून मोठ्या माणसांसाठी मॅक्रो शक्यतो नको. एक बटण, एक काम.

चिकोडी_वहिनी | रविवार, सकाळी ८:४५

विषय थोडा वेगळा आहे, पण इथंच विचारते. आमच्याकडेही असाच लर्निंग रिमोट आहे, फिलिप्सच्या जुन्या सेटला शिकवलाय. बाकी सगळं चालतं, पण ११, २२, ३३ नंबरचे चॅनल लागत नाहीत. ११ दाबलं की १ लागतो. १२ मात्र लागतो! सासूबाईंचा मराठी चॅनल नेमका ३३ वर आहे. कर्नाटकचा पत्ता म्हणून पॅक कन्नड मिळालाय, मराठी चॅनल वेगळे पैसे भरून घेतलेत, आणि ते लावता येत नाहीत म्हणून रोज खाली-वर करत बसतात.

निपाणी_रिपेअर | रविवार, सकाळी ९:३०

वहिनी, रिमोट खराब नाही. फिलिप्सच्या जुन्या सेटमध्ये आरसी-५ नावाची पद्धत असते. त्यात प्रत्येक वेळी बटण नव्यानं दाबलं की कोडमधला एक बिट (० किंवा १) उलटतो. त्यावरून सेटला कळतं की बटण दाबून धरलंय की सोडून परत दाबलंय. लर्निंग रिमोट एकदा ऐकलेलं जसंच्या तसं म्हणतो, बिट उलटत नाही. मग दुसरा ३ सेटला पहिलाच ३ लांबवल्यासारखा वाटतो.

उपाय: त्या सेटसाठी शिकणारा रिमोट वापरू नका, कोड नंबर घालायचा साधा युनिव्हर्सल रिमोट घ्या. सेटअप बटण दिवा लागेपर्यंत दाबून धरायचं, पुस्तिकेतला फिलिप्सचा कोड टाकायचा. तो स्वतः कोड तयार करतो, बिटसुद्धा उलटवतो. एका कोडनं नाही जमलं तर त्याच यादीतला पुढचा टाका.

चिकोडी_वहिनी | रविवार, सायंकाळी ६:२०

लागला! तिसऱ्या कोडला ३३ लागला. सासूबाईंनी तुम्हाला आशीर्वाद सांगितलेत.

जांबोटीचा_पाऊस | रविवार, रात्री ८:५०

वडगावकर दादा, आता तुमच्या टीव्हीचं.

बऱ्याच टीव्हींना 'फक्त चालू' आणि 'फक्त बंद' असे वेगळे कोडही समजतात, पण कंपनीच्या रिमोटवर त्यांची बटणं नसतात. सोनीच्या टीव्हीत चालू-बंदच्या एकत्र बटणाचा आदेश २१ नंबरचा. ४६ म्हणजे फक्त चालू, ४७ म्हणजे फक्त बंद. टीव्ही चालू असताना ४६ पाठवला तर काहीही होत नाही, आणि आपल्याला तेच तर हवंय. इतरांसाठी म्हणून सांगतो, सॅमसंगमध्ये एकत्र २, चालू १५३, बंद १५२. एलजीमध्ये एकत्र ८, चालू १९६, बंद १९७. सगळ्याच मॉडेलना समजतील असं नाही, पाठवून बघायचं.

हे कोड लर्निंग रिमोटला शिकवायचे म्हणजे आधी कुणीतरी ते त्याच्यासमोर म्हणायला हवेत. इन्फ्रारेड असलेल्या शाओमीसारख्या फोनवर तसं ॲप मिळालं तर त्यातून होतं. माझ्याकडे आर्डुइनो (प्रोग्रॅम करता येणारा छोटा सर्किट बोर्ड) आहे. त्याला एक इन्फ्रारेड एलईडी आणि ट्रान्झिस्टर जोडला की हवा तो कोड पाठवता येतो. सोनीची लहर ४० किलोहर्ट्झची, बाकी बऱ्याच जणांची ३८ ची. आणि सोनीला एक आदेश निदान तीनदा ऐकावा लागतो, नाहीतर तो दखल घेत नाही. हे मला कळेपर्यंत माझी एक पूर्ण संध्याकाळ गेली होती.

मी दर बुधवारी बेळगावला कामाला येतो. आईंना चालत असेल तर संध्याकाळी वडगावला जाऊन करून देतो. होम थिएटरलाही काही लपलेले कोड आहेत का ते बघू.

वडगावकर_पुण्यात | रविवार, रात्री ९:१५

काय बोलू! आईला सांगतो. सुट्टी काढून मीच बुधवारी येतो, दोघं मिळून करू.

सदाशिवनगर_७२ | सोमवार, सकाळी ६:४०

धागा रोज वाचतोय. माझी पत्नी अंथरुणाला होती तेव्हा मी टीव्हीच्या रिमोटवर चालू-बंद आणि आवाजाची बटणं सोडून बाकी सगळ्यांवर पुठ्ठा कापून चिकटवला होता. तिला चुकण्याची भीती राहिली नाही, म्हणून ती टीव्ही लावू लागली. यंत्राचं कराच, पण आईंच्या बोटांना काय लागतं तेही बघा.

जांबोटीचा_पाऊस | बुधवार, रात्री ११:३५

आत्ताच घरी पोचलो, पाऊस धो-धो आहे. आजचं लिहून ठेवतो.

टीव्ही: ४६ आणि ४७ दोन्ही चालले. लर्निंग रिमोटला ते शिकवताना आधी दोनदा चुकलं. खोलीतली जुनी ट्यूबलाईट मध्ये येत होती. ट्यूब बंद केली, एलईडी आणि रिमोटमध्ये तीन बोटांचं अंतर ठेवलं, मग पहिल्या झटक्यात शिकला.

होम थिएटर: त्याचा रिमोट एनईसी नावाच्या कोड पाठवायच्या पद्धतीचा निघाला. टीएसओपी १७३८ या इन्फ्रारेड रिसीव्हरवर त्याचा पत्ता (कोड कुठल्या यंत्रासाठी आहे ते सांगणारा नंबर) वाचून घेतला. एनईसीत आदेश आठ बिटांचा असतो, म्हणजे फार तर २५६ आदेश. म्हणून त्या पत्त्यावर ० ते २५५ सगळे आदेश एकेका सेकंदाच्या अंतरानं सोडले. सव्वाचार मिनिटं आम्ही तिघं त्या डब्याच्या डिस्प्लेकडं बघत बसलो. दादा वही घेऊन नंबर लिहीत होते. मध्येच ते बंद झालं, तो चालू-बंदचा नंबर. तो वगळून परत सुरू केलं. 'फक्त चालू' असा कोड नाहीच. पण थेट ऑक्सवर नेणारा कोड सापडला! मूळ रिमोटवर सोर्सचं एकच बटण आहे, यूएसबी, एफएम, ब्लूटूथ, ऑक्स असं फिरत जाणारं. ते आता फिरवायला नको.

म्हणजे राहिलं एकच, होम थिएटर चालू-बंद करणं.

निपाणी_रिपेअर | गुरुवार, सकाळी ८:००

त्यालाच तर वाट आहे. लाईट आली की ते आपोआप चालू होतं म्हणताय ना? मग जो दोष वाटतोय त्याचाच उपयोग करा. टीव्ही चालू झाला की होम थिएटरला लाईट मिळेल असं करा.

टीव्हीच्या यूएसबीला टीव्ही चालू असतानाच ५ व्होल्ट येतात का तपासा. काही टीव्हींत स्टँडबायलाही चालूच राहतात, त्यांना हे जमत नाही. येत-जात असतील तर ५ व्होल्टचं रिले मॉड्यूल (५ व्होल्ट मिळाले की मोठी लाईन जोडणारा स्विच) घ्या, १० अँपिअरचं. यूएसबीची लाल तार व्हीसीसीला, काळी ग्राउंडला. लो ट्रिगरचं (इन पिन ग्राउंडला जोडली की चालू होणारं) मॉड्यूल असेल तर इन पिन पण ग्राउंडलाच. होम थिएटरच्या वायरमधली फेज तेवढी कापून रिलेच्या कॉमन आणि एनओ (रिले चालू झाला की कॉमनला जोडलं जाणारं टोक) मधून न्यायची. न्यूट्रल आणि अर्थिंगला हात लावायचा नाही.

हे २३० व्होल्टचं काम आहे. वायरमनकडूनच करून घ्या, बंद प्लॅस्टिकच्या डब्यात, वायर ओढली तरी निघणार नाही अशी गाठ आत ठेवून. आई घरात एकट्या असतात, इथं काटकसर नको.

हिंदवाडी_हौशी | गुरुवार, सकाळी ८:२५

वा! +१. धाग्याची वाचनखूण साठवतो. माझ्या काकांकडं अगदी हेच दुखणं आहे. फक्त त्यांच्याकडं डिश नाही, फायर स्टिक आहे. तिचा रिमोट लर्निंग रिमोट शिकेनाच.

जांबोटीचा_पाऊस | गुरुवार, सकाळी ९:००

नाही शिकणार, तो स्टिकशी ब्लूटूथवर बोलतो. पण तुम्ही उलट करा. स्टिकच्याच रिमोटवर आवाज आणि पॉवरची बटणं असतील तर त्यात इन्फ्रारेड आहे. सेटिंगमध्ये इक्विपमेंट कंट्रोलमध्ये जाऊन काकांचा टीव्ही निवडा, तो रिमोट टीव्हीपण चालवेल.

वडगावकर_पुण्यात | शनिवार, रात्री ९:५०

सगळं झालं, सविस्तर लिहितो.

यूएसबी तपासला. टीव्ही बंद केला की वीस-एक सेकंदांनी ५ व्होल्ट जातात, म्हणजे आपल्या कामाचा आहे. अप्पांच्या ओळखीचे वायरमन काका आले, त्यांनी डबा करून टीव्हीच्या मागे भिंतीला बसवला. टीव्ही लावला की आत टक् असा आवाज येतो आणि तीन-चार सेकंदांत होम थिएटरचा निळा दिवा लागतो. मुद्दाम मेन स्विच सहा वेळा पाडून बघितला. एकदाही उलटं झालं नाही.

होम थिएटर चालू झालं की दरवेळी यूएसबीवर येतं, ऑक्सवर नाही. त्यामुळे दोन बटणं ठेवली. मॅक्रो काढून टाकला, निपाणीवाल्या सरांचं पटलं. पहिलं बटण टीव्ही, निळा दिवा लागला की दुसरं बटण आवाज. बाकी बटणांवर सदाशिवनगरच्या काकांसारखा पुठ्ठा. टीव्ही बंदचं वेगळं बटण खाली, त्यावर लाल नेलपॉलिश.

आईला अंधारातही कळावं म्हणून बटणांवर काय लावायचं ते सुचेना. तीच म्हणाली, साबुदाणा लाव. कोरडा साबुदाणा फेविक्विकनं चिकटवला, पहिल्या बटणावर एक दाणा, दुसऱ्यावर दोन. ती आता रिमोटकडं बघतसुद्धा नाही, अंगठा फिरवते आणि दाबते.

फडकं तिनंच काढलं, धुतलं आणि कपाटात ठेवलं.

एकच अडचण उरली आहे. आवाजाचं बटण एकदा दाबलं की आवाज चार-पाच घर उडी मारतो. मूळ रिमोटला असं होत नाही.

निपाणी_रिपेअर | शनिवार, रात्री १०:०५

शिकवताना मूळ रिमोटचं बटण दाबून धरलं असणार. एनईसीत बटण धरून ठेवलं की पूर्ण कोड एकदाच जातो, मग दर ११० मिलिसेकंदांनी नुसता 'तेच परत' असा छोटा इशारा जातो. तुमचा रिमोट ते इशारेपण शिकलाय. आवाज कमी-जास्तची दोन्ही बटणं पुसून परत शिकवा. मूळ रिमोटचं बटण टिचकीसारखं दाबून लगेच सोडा.

आणि जुने तिन्ही रिमोट टाकू नका. त्यांतले सेल काढून एका पिशवीत ठेवा, नाहीतर सेल आतच पाझरतात आणि पत्ती खातात. लर्निंग रिमोट पडला-फुटला तर नवा शिकवायला ते लागतील. ते ऑक्सचे आणि ४६-४७ चे नंबर पण कागदावर लिहून त्याच पिशवीत टाका.

वडगावकर_पुण्यात | रविवार, सकाळी १०:४०

टिचकीनं शिकवलं. आता आवाज एकेक घर चढतो.

नंबर लिहिलेला कागद पिशवीत आहे आणि आईनं तेच नंबर कॅलेंडरच्या मागच्या पानावरही उतरवून घेतलेत. मी दुपारच्या गाडीनं निघतोय. एकादशी मंगळवारी आहे.

वडगावकर_पुण्यात | मंगळवार, रात्री ८:१५

संध्याकाळी सातला फोन केला. उचलला, पण तिचं बोलणं ऐकू येईना, मागे मृदंग एवढ्या मोठ्यानं वाजत होता. मी ओरडून विचारलं, आवाज कमी करता येतोय ना? म्हणाली, "येतोय की, पण करणार नाही. शेजारच्या काकू पण ऐकायला आल्यात."

दुपारी दोनदा लाईट गेली होती म्हणे.